इम्युनोथेरपी चालू असताना थायरॉईड, कॉर्टिसोल आणि साखर: गावात राहून कसं सांभाळायचं

पेंब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अटेझोलिझुमॅब, ड्युरव्हालुमॅब, इपिलिमुमॅब. डिस्चार्ज कार्डावर यांपैकी एखादं नाव असेल, तर पुढचं सगळं घरातल्या किमान दोन माणसांनी वाचावं. एक पेशंट, आणि दुसरं रात्री-बेरात्री गाडी काढणारं माणूस.

ही औषधं किमो नव्हेत. किमो पेशींना थेट मारते. ही औषधं आपल्याच रोगप्रतिकारक पेशींची वेसण सैल करतात, म्हणजे त्या कर्करोगावर तुटून पडतात. पण वेसण सुटलेला बैल फक्त तणच खाईल असं नसतं, तो उभ्या पिकातही शिरतो. हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथी म्हणजे हे उभं पीक: गळ्यातली थायरॉईड, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड. आतड्याला किंवा फुप्फुसाला आलेली सूज स्टिरॉइडने बहुतेकदा उतरते. ग्रंथीचं तसं नाही. तिच्या पेशी एकदा गेल्या की सहसा परत येत नाहीत, आणि जे कमी पडतं ते बाहेरून, बहुतेकदा जन्मभर द्यावं लागतं. दिलासा एवढा की ते देता येतं, आणि हार्मोनचं गणित बसलं की इम्युनोथेरपी बहुतेक वेळा पुढे चालू ठेवता येते.

खरी अडचण ओळखण्यात आहे. ग्रंथी बिघडल्याचं पहिलं लक्षण म्हणजे थकवा. आणि एप्रिल-मे महिन्यात अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत थकलेला नाही असा माणूस सापडत नाही. घरचे म्हणतात ऊन लागलं, शेजारी म्हणतात बिमारीच तशी आहे, गावातला डॉक्टर सलाईन लावतो. चार दिवसांनी पेशंट बेशुद्ध होतो. म्हणून नियम एकच धरा: इम्युनोथेरपी घेणाऱ्या माणसाचा नवा थकवा हा रक्त तपासल्याशिवाय उन्हाचा किंवा कर्करोगाचा धरायचा नाही.

पहिल्या इंजेक्शनआधीच्या तपासण्या

टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारा पिट्युटरीचा हुकूम) आणि फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन), सोडियम-पोटॅशियम, साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि सकाळचं कॉर्टिसोल (ॲड्रिनल ग्रंथींचं, आजारपणात शरीराला तगवणारं हार्मोन). हा पाया हातात असला की पुढचा बदल कळतो. त्यानंतर दर सायकलला (इंजेक्शनच्या दर फेरीला), किंवा निदान दर 4 ते 6 आठवड्यांनी, टीएसएच, फ्री टी-फोर, साखर आणि सोडियम-पोटॅशियम करायचं. सगळे कागद तारखेनुसार एकाच फाईलमध्ये लावा. तीन रिपोर्ट शेजारी-शेजारी दिसले की 139, 135, 130 असं घसरणारं सोडियम लगेच डोळ्यांत भरतं. सुटा एकच रिपोर्ट पाहून ते सुटून जातं.

पैसे वाचवायला लॅबवाले "फक्त टीएसएच करा" असं सुचवतात. ते ऐकू नका. पिट्युटरी बिघडली की टीएसएच वाढत नाही, कमी किंवा चक्क नॉर्मल दिसतो आणि फ्री टी-फोर मात्र घसरलेला असतो. एकट्या टीएसएचवर तो पेशंट धडधाकट ठरतो.

कॉर्टिसोलचं रक्त सकाळी 7 ते 9 च्या दरम्यानच द्यायचं, कारण तेव्हा ते सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. पहिली एसटी तालुक्याला साडेदहाला पोहोचत असेल, तर त्या वेळच्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही. आदल्या रात्री तालुक्याला मुक्काम करा, किंवा गावाजवळच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त देऊन नमुना पुढे पाठवता येतो का ते आधी विचारून ठेवा. दुसरी गोष्ट, मागच्या काही दिवसांत कुठलंही स्टिरॉइड घेतलं असेल तर ते सांगा: किमोसोबत दिलेलं डेक्सामेथासोन, भूक लागावी म्हणून दिलेली प्रेडनिसोलोन, सांधेदुखीवर गावात मारलेलं इंजेक्शन, किंवा बाजारातून आणलेली पुडी, जिच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डेक्सामेथासोन शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल दाबून टाकतं. प्रेडनिसोलोन काही मशीनवर कॉर्टिसोल म्हणूनच मोजली जाते आणि आकडा खोटाच वाढलेला येतो.

थायरॉईड: आधी वर, मग खाली

सर्वांत जास्त बिघडते ती हीच ग्रंथी. पीडी-वन गटातलं (पेंब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब) एकच औषध चालू असेल तर शंभरातल्या 6-7 जणांची थायरॉईड कमी पडते. इपिलिमुमॅब धरून दोन औषधं असतील तर साधारण 13 जणांची. तोंड-घशाच्या कर्करोगात हा धोका आणखी वाढतो, कारण मानेवर दिलेलं रेडिएशनही थायरॉईड मंदावतं. खर्रा-तंबाखूमुळे आपल्या भागात हेच पेशंट सर्वांत जास्त. मुंबईच्या टाटा मेमोरियलने या कर्करोगात निवोलुमॅबचा अगदी छोटा डोस, दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम, तपासला आणि त्याचा फायदा दिसला. त्यामुळे आता गावाकडचे पेशंटही ही औषधं घेताना दिसतात. डोस छोटा म्हणून तपासण्या टाळू नका.

होतं असं: पहिल्या एक-दोन महिन्यांत ग्रंथीला सूज येते आणि तिच्यात साठलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, जुलाब लागतात, वजन उतरतं. रिपोर्टमध्ये टीएसएच कमी आणि फ्री टी-फोर जास्त. इथे ठरलेली चूक म्हणजे थायरॉईड दाबणारी गोळी, कार्बिमाझोल, सुरू करणं. ग्रंथी नवं हार्मोन बनवतच नसते, आहे ते सांडत असते, त्यामुळे त्या गोळीचा उपयोग नाही. धडधडीसाठी डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात, पण दमा असेल तर ते आधी सांगा. मग दर 2-3 आठवड्यांनी तपासणी. काही आठवड्यांत हार्मोन उतरतं आणि बहुतेक जणांमध्ये नॉर्मलवर न थांबता खाली जातं. आता थंडी वाजते, पोट साफ होत नाही, चेहरा सुजतो, आवाज जड होतो, माणूस दिवसभर झोपतो. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, इथे लागते.

पूर्ण डोस किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 100 च्या आसपास. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर 25 किंवा 50 पासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास चहाही नाही. पहाटे पाचला चहा घेऊन वावराकडे निघणाऱ्या घरात हे पाळणं कठीण जातं. मग रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या, पण रोज तीच वेळ धरा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यायची, नाहीतर थायरॉईडची गोळी पोटातच अडकते आणि डोस विनाकारण वाढत जातो. डोस बदलला की 6 आठवड्यांनीच टीएसएच करा. त्याआधीचा आकडा खरा नसतो. पिट्युटरी बिघडल्यामुळे थायरॉईड कमी असेल तर डोस टीएसएचवर ठरत नाही, फ्री टी-फोरवर ठरतो.

एक गोष्ट डॉक्टरांनाही विसरू देऊ नका. कॉर्टिसोलही कमी असण्याची शंका असेल तर आधी स्टिरॉइड, मगच थायरॉईडची गोळी. थायरॉक्सिनने शरीराचं इंजिन वेग घेतं, उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी पटकन संपतं आणि पेशंट कोसळतो.

कॉर्टिसोल: इथे जीव जातो

कॉर्टिसोल दोन वाटांनी कमी होतं. पिट्युटरीला सूज आली की ॲड्रिनलला जाणारा हुकूमच बंद होतो. इपिलिमुमॅबवर हे साधारण दोन-तीन महिन्यांनी, बऱ्याचदा नव्या डोकेदुखीने सुरू होतं. नुसत्या पीडी-वन औषधावर ते क्वचित होतं, पण उशिरा आणि डोकं न दुखता येतं, आणि एमआरआय बहुतेकदा साफ निघतो. एमआरआय साफ म्हणजे पिट्युटरी साफ, असं समजू नका. दुसरी वाट म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच खराब होणं. ती आणखी दुर्मिळ, पण तिच्यात पोटॅशियम वाढतं, बीपी फार पडतं आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन नावाची आणखी एक गोळी लागते.

घरात काय दिसतं? अंगात त्राण राहत नाही. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. जेवणावरची वासना उडते, मळमळ होते, पोट दुखतं. बीपी 90 च्या आत. सोडियम 130 च्या खाली. साखर अधूनमधून पडते. मधुमेही पेशंटला अचानक कमी इन्सुलिन लागू लागलं तर घरचे खूश होतात. ती खूश होण्याची नव्हे, कॉर्टिसोल तपासण्याची वेळ आहे. सकाळच्या कॉर्टिसोलचा आकडा डेसिलिटरमागे 3 मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर कमतरता जवळपास नक्की, 18 च्या वर असेल तर ती नाही. मधल्या आकड्यांसाठी इंजेक्शन देऊन करायची वेगळी चाचणी असते, ती नागपूरसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात होते. मात्र पेशंट कोसळत असेल तर रिपोर्टची वाट पाहायची नाही. जमलं तर रक्ताची एक ट्यूब काढून ठेवायची आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायचं.

रोजचा डोस: हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे गोळीच्या रूपातलं कॉर्टिसोलच) दिवसाला 15 ते 25 मिलिग्रॅम, वाटून. सर्वसाधारण पद्धत म्हणजे उठल्याबरोबर 10, दुपारी 5 आणि चार-पाचच्या सुमारास 2.5 किंवा 5. संध्याकाळनंतर घेतलं तर झोप उडते. तालुक्याच्या दुकानात ही गोळी अनेकदा मिळत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारून प्रेडनिसोलोन 3 ते 5 मिलिग्रॅम सकाळी एकदा चालतं. पण "मिळाली नाही म्हणून दोन दिवस घेतली नाही" हे कधीच चालत नाही. घरात किमान पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा असलाच पाहिजे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होणाऱ्या गावात महिन्याचा.

हा डोस म्हणजे "स्टिरॉइडची सवय" नव्हे. शरीर रोज स्वतः जेवढं बनवतं तेवढंच आपण देतोय. स्टिरॉइडने हाडं झिजतात असं कुणी सांगितलं म्हणून गोळी सोडलेला पेशंट आठवडाभरात अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो.

आजारपणात शरीर कॉर्टिसोल स्वतःहून वाढवतं. या पेशंटचं शरीर वाढवू शकत नाही, म्हणून आपण वाढवायचं. ताप 38 अंशांच्या (100.4 फॅरनहाइट) वर गेला की रोजचा डोस दुप्पट, 39 च्या (102.2) वर तिप्पट. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांनी परत नेहमीचा. घरात थर्मामीटर असू द्या, हात लावून ताप पाहू नका. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर परत घ्या. तीही उलटली तर गोळीचा विषय संपला, आता इंजेक्शन. दात काढणं, ऑपरेशन, हाड मोडणं, साप किंवा विंचू चावणं, या सगळ्यांत आधी "मला कॉर्टिसोल कमी आहे" हे सांगायचं. उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक आणि ओआरएस जवळ ठेवा. नुसतंच साधं पाणी घटाघटा पिऊ नका, आधीच कमी असलेलं सोडियम आणखी पातळ होतं. (बीपी किंवा हृदयासाठी मीठ बंद असेल तर हा सल्ला आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.) निर्जळी उपवास या पेशंटने धरू नये.

घरात ठेवायचं सामान: हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट 100 मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, 2 मिलीचं निर्जंतुक पाणी, 2 मिलीच्या सिरिंज, 23 नंबरच्या सुया आणि स्पिरिटचा कापूस. सगळं एका डब्यात, सावलीत, एक्स्पायरी झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून. द्यायचं असं: कुपीचं रबर पुसा, 2 मिली पाणी आत सोडा, हलकेच फिरवून पावडर विरघळवा, पूर्ण ओढून घ्या, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर सुई सरळ आत घालून सगळं सोडा. कपडे काढायला वेळ नसेल तर पातळ कपड्यावरूनही चालतं. हे उपकेंद्रातल्या सिस्टरकडून आधीच हाताने करून शिका, संकटाच्या रात्री नव्हे. शंका असेल तरी द्या. गरज नसताना दिलेला एक डोस नुकसान करत नाही, गरज असताना न दिलेला जीव घेतो. दिल्यावर लगेच 108.

रुग्णालयात दाखवायचा कागद आधीच मराठी आणि इंग्रजीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पेशंटच्या खिशात ठेवा. त्यावर मजकूर असा: "इम्युनोथेरपी चालू, औषधाचं नाव अमुक. ॲड्रिनल इन्सफिशिअन्सी (कॉर्टिसोल कमी). हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम ताबडतोब, मग 24 तासांत 200 मिलिग्रॅम (दर 6 तासांनी 50). पहिल्या तासात 1 लिटर नॉर्मल सलाईन. साखर तपासा. किमो नाही." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण किमो ऐकलं की सगळे पांढऱ्या पेशी शोधू लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रोकॉर्टिसोन संपलेलं असेल तर पुढे नेईपर्यंत डेक्सामेथासोन 4 मिलिग्रॅम द्यायला सांगा. अगदी पहिली पसंती नाही, पण काहीच न देण्यापेक्षा खूप चांगलं. आणि "अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावतो" याला नकार द्या. नुसतं 5 टक्के ग्लुकोज चढवलं तर शेवटी पाणीच शरीरात जातं आणि सोडियम आणखी पडतं. नॉर्मल सलाईन हवं. साखर पडली असेल तर ग्लुकोज त्याच्यासोबत.

साखर: दिवसांत चढणारी

शंभरात साधारण एकालाच होतं, पण झालं की वेगाने. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत संपतात. हा वयानुसार येणारा मधुमेह नव्हे, लहान मुलांत दिसतो तसा इन्सुलिनच नसलेला मधुमेह आहे. सारखी तहान, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठणं, आठवड्यात तीन-चार किलो वजन उतरणं. त्यापुढे उलट्या, पोटदुखी, खोल-खोल श्वास आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. हा कीटोॲसिडोसिस, आणि निम्म्याहून जास्त पेशंटचं निदान थेट याच अवस्थेत होतं. फवारणीच्या दिवसांत उलट्या-पोटदुखीचं खापर फवारणीच्या औषधावर फुटतं, उन्हाळ्यात उन्हावर. बोटाच्या थेंबावर साखर बघायला एक मिनिट लागतो. तेवढा मिनिट द्या.

साखर 250 च्या वर आणि अंगात वरचं काही असेल तर लघवीतलं कीटोन (इन्सुलिन नसताना चरबी जळून तयार होणारं आम्ल) तपासायचं. पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. कीटोन असेल तर थेट मोठं रुग्णालय, त्याच दिवशी. एचबीएवनसी नॉर्मल आलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. तो तीन महिन्यांचा हिशेब असतो, इथे साखर दहा दिवसांत चढलेली असू शकते. खात्रीसाठी सी-पेप्टाइड करतात, शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते त्यातून कळतं. मेटफॉर्मिन आणि इतर गोळ्यांनी हे आवरत नाही, आणि डॅपाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या तर कीटोन आणखी वाढवू शकतात. जास्त डोसचं स्टिरॉइड दिल्याने पेशी परत येत नाहीत, उलट साखर चढते. इन्सुलिन कायमचं: दिवसातून एकदा लांब चालणारं आणि जेवणाआधी झटपट चालणारं. जेवण जात नसलं तरी लांब चालणारं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही.

सिरिंजची चूक इथे फार घडते. आपल्याकडच्या कुप्या बहुतेक 40 युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनच्या काडतुसात 100 युनिटचं इन्सुलिन असतं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडला म्हणून काडतुसातून लाल सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. उलट केलं तर 20 च्या जागी 8. काडतुसातून सिरिंजने ओढायचंच नाही, असा नियम घरात लावा.

चालू असलेली कुपी 28 दिवसांनी टाकून द्या. मे महिन्यात 45-46 अंशांत आणि वीज नसताना दोन मडक्यांची युक्ती चालते: मोठ्या मडक्यात वाळू, मध्ये छोटं मडकं, वाळू दिवसातून दोनदा पाण्याने भिजवायची, वर ओलं फडकं, जागा सावलीची आणि वाऱ्याची. इन्सुलिन कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात. आपल्या कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं म्हणून गारवा चांगला राहतो. पावसाळी दमटपणात तो कमी होतो. न उघडलेल्या कुप्या आरोग्य केंद्राच्या किंवा दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवायला विचारा. बर्फाला टेकलेलं, गोठून परत वितळलेलं इन्सुलिन कामाचं नाही. मोटरसायकलच्या डिकीत तर ते कधीच नको.

साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची. वारंवार पडत असेल तर फक्त इन्सुलिन कमी करून थांबू नका, कॉर्टिसोल करा.

दुसऱ्या त्रासासाठी मोठं स्टिरॉइड दिलं असेल तर

आतडं, यकृत किंवा फुप्फुस सुजलं की प्रेडनिसोलोन किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास देतात आणि 4 ते 6 आठवड्यांत उतरवतात. सकाळच्या डोसने साखर दुपारनंतर चढते, म्हणून उपाशीपोटीचा आकडा फसवतो. संध्याकाळच्या जेवणाआधी तपासा. आणि हे स्टिरॉइड "बरं वाटलं" म्हणून एका दिवशी बंद केलं तर कॉर्टिसोलचा वरचाच सगळा प्रकार घडतो, ग्रंथी निरोगी असली तरी.

इम्युनोथेरपी थांबल्यानंतर

औषध थांबलं तरी सैल झालेली वेसण लगेच आवळत नाही. हे त्रास शेवटच्या इंजेक्शननंतर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतात. म्हणून निदान वर्षभर थायरॉईड, सोडियम-पोटॅशियम आणि साखर यांच्या तपासण्या चालू ठेवा, पहिले सहा महिने दर 6 आठवड्यांनी, पुढे लांबवत. खिशातला कागद फाडू नका, फक्त त्यावर शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहा. कॉर्टिसोल कमी झालेल्या पेशंटचा कागद आणि इंजेक्शनचा डबा मात्र कायमचा. कुपीची तारीख दर दिवाळीला आणि दर गुढीपाडव्याला तपासा.